कळकाटा आणि वाकळ

सर्जेराव खोतांच्या दुखण्याचा आकडा चौतीस आला, तेव्हा वैजयंती इंगवले यांनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. आकडा काही बदलला नाही. कोल्हापुरात जखमी आणि अपंग कामगारांचे दावे लढवण्यात या वकीलबाईंची एकोणीस वर्षं गेली होती, आणि आपला अंदाज दोन-चार आकड्यांपलीकडे चुकत नाही याचा त्यांना थोडा माजही होता. सर्जेरावांचा आकडा सत्तरच्या आसपास येणार, असं त्यांनी फाइलवर पेन्सिलीनं लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

पन्नास ही सीमा होती. पन्नास किंवा त्याच्या वर आकडा आला की जन्मभराचं निर्वाहवेतन. खाली आला तर किरकोळ काहीतरी हातावर टेकवून बोळवण, आणि पुन्हा दाद मागायची सोय नाही.

सर्जेराव समोरच्या बाकावर बसले होते. वय चौपन्न, त्यातली तीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीपुढे काढलेली. दीड वर्षापूर्वी वितळलेल्या लोखंडाची बादली कलंडली आणि रस डाव्या पायावर सांडला. जखम भरली, कातडी आली, डॉक्टर म्हणाले पाय बरा झाला. नसांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. पंख्याचा वारा लागला तरी पाय पेटल्यासारखा व्हायचा. उभं राहून करायचं कुठलंच काम त्यांना जमेना, आणि बसून करायचं काम त्यांना कुणी देईना. शेजारी बायको शालन, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"चौतीस म्हंजे बरं का वाईट?" शालननं विचारलं.

"वाईट. पाय फारसा दुखत नाही, असा त्याचा अर्थ."

"मग तेवढं पायाला सांगा की वो," सर्जेराव म्हणाले.

हा आकडा देणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला कळकाटा म्हणत. ही उसाच्या पट्ट्यातली माणसं. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच सुरुवातीला यावरही बसला. पण हा काटा कुणाला मारता येत नव्हता. डोक्यावर बसवायची एक टोपी आणि तिच्या आतल्या अंगाला हरभऱ्याएवढे शेकडो संवेदक. मेंदूतल्या पेशी कामाला लागल्या की अगदी क्षीण असं चुंबकीय क्षेत्र उमटतं, ते हे संवेदक टिपत. वेदनेचे मेंदूत दोन हिस्से असतात. एक हिस्सा नुसता पत्ता सांगतो: डावा पाय, घोट्याच्या वर, जळजळ. दुसरा हिस्सा ठरवतो, की त्या जळजळीनं माणसाचा जीव किती कासावीस व्हायचा. कळकाटा हा दुसरा हिस्सा मोजायचा, कारण माणसाचं जगणं नासतं ते त्यानं. लाखभर माणसांच्या मोजण्या ताडून पाहून शून्य ते शंभर अशी पट्टी ठरली. खोटं कण्हणाऱ्याचा आकडा वर चढेना आणि मुकाट सोसणाऱ्याचा लपेना. पहिल्या वर्षी दाव्यांच्या वकिलांनी पेढे वाटले होते.

दुसऱ्या वर्षी भलतंच ध्यानात आलं. मेंदूची जी घडी दुखण्यानं कासावीस होते, तीच आपलं माणूस दुरावल्यावरही होते. दोन्ही भांडी एकाच चुलीवर. त्यामुळे आपलं माणूस जवळ आलं की दुखण्याच्या भांड्याखालचा जाळही मंदावायचा. ज्याची बायको हात धरून बसली, त्याचा आकडा वीस-पंचवीसनं खाली. म्हणजे ज्याचं घर चांगलं त्याचा दावा बुडाला, आणि ज्याला घरात कुत्रं विचारत नव्हतं तो जिंकला. ओरड झाली, मोर्चे निघाले, कायदा दुरुस्त झाला. आता दावेदारानं मोजणीआधी एकवीस दिवस सरकारी एकलघरात राहायचं. भेट नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. सगळे सारखे एकटे झाले की मगच मोजायचं. एकटेपणाची अशी समान वाटणी सरकारनं पहिल्यांदाच केली होती.

"एकवीस दिवसांत कुणी भेटायला आलं होतं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"दुखण्याची गोळी घेतली? खरं सांगा."

"शपथेवर न्हाई."

"मग झोप कशी लागत होती?"

"वाकळ होती की," सर्जेराव म्हणाले.

शालननं पिशवीतून वाकळ काढून टेबलावर ठेवली. एकलघरात अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं, असा नियम होता. सरकारी चादरी धुणार कोण? वाकळ शालननं हातानं शिवलेली होती. वर तिची लग्नातली हिरवी साडी, आत दोन्ही बाळंतपणांत नेसलेल्या मऊ साड्या, अस्तराला सासूचं लुगडं. बावीस वर्षं दोघं तिच्याखाली झोपत होती.

"मोजणीच्या वेळी ही कुठं होती?"

"पायावर. मोजनारे पाटोळेसाहेब म्हनले, असू द्या, खोलीत गार लागंल."

वैजयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, घरचं कुणी जवळ नको म्हणून मी किती वेळा बजावलं होतं."

"घरचं कुनीच न्हवतं, बाई. ही वाकळ हाय."

कायदा करणाऱ्यांनी फोन अडवले, चिठ्ठ्या अडवल्या. वाकळीला नातेवाईक म्हणून नोंदवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकोणीस वर्षं मुरलेल्या वकीलबाईंच्याही नाही. त्यांनी हात पुढं करून वाकळीचे टाके चाचपले आणि पुन्हा मागं घेतला.

फेरमोजणीला एकच वाट होती. मोजताना वेदनाशामकाचा अंमल होता असं सिद्ध झालं, तर पहिली मोजणी रद्द होई. कलम गोळ्या-इंजेक्शनांसाठी लिहिलेलं होतं. वैजयंतीबाईंनी अर्जात लिहिलं, की ही वाकळ हेच वेदनाशामक आहे.

शुक्रवारी सुनावणी होती. विमा कंपनीच्या बाजूनं नेहमीप्रमाणे धनपाल मगदूम. चौसष्ट वर्षांचे, उंच, खर्जातल्या आवाजाचे, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "माझी नम्र हरकत आहे" असं म्हणणारे. एकोणीस वर्षं हे गृहस्थ वैजयंतीबाईंच्या प्रत्येक दाव्याला आडवे आले होते. दोघांचा छत्तीसचा आकडा साऱ्या कचेरीला पाठ होता. येत्या सोमवारी मगदूम वकिली थांबवून मंगळवारी लेकीकडे बंगळुरूला कायमचे जाणार होते. ही बातमी कळली तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला, असं वैजयंतीबाई मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

"माझी नम्र हरकत आहे," मगदूम उठले. "थंडीत पायावर पांघरूण टाकलं तर कुणालाही बरं वाटतं. ही ऊब आहे. उबेला वेदनाशामक म्हणायचं, तर उद्या चहालाही म्हणावं लागेल."

आयुक्त मुजावर मॅडम मोजकं बोलणाऱ्या होत्या. "इंगवलेबाई, उबेनं नाही तर कशानं, हे दाखवा."

"हीच वाकळ दुसऱ्या दुखणाऱ्या माणसावर टाकून पाहू," वैजयंतीबाई म्हणाल्या. "उबेचं काम असेल तर त्याचाही आकडा उतरेल. शालनबाईंचं असेल, तर उतरणार नाही."

कल्पना सगळ्यांना पटली. माणूस मात्र मिळेना. एकलघरातल्या दावेदारांना हात लावला तर त्यांचीच मोजणी बिघडणार. शेवटी तंत्रज्ञ पाटोळे चाचरत म्हणाले, "इंगवलेबाईंचा आकडा आपल्याकडं नोंदलेला आहे. सत्तेचाळीस."

तो तसा सगळ्यांनाच ठाऊक होता. सतरा वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं वैजयंतीबाईंची स्कूटर उडवली होती. खुब्यात सळई बसली, ती अजून आत होती. कळकाटा नवीन आला, तेव्हा वकिलांना प्रात्यक्षिक दाखवताना बाईच आधी खुर्चीत बसल्या होत्या.

"वकील स्वतः नमुना म्हणून बसणार?" मॅडमनी मगदूमांकडे पाहिलं.

"यंत्र खोटं बोलत नाही. माझी हरकत नाही," मगदूम म्हणाले. एकोणीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते, आणि दोन-तीन माणसांनी माना वर केल्या.

टोपी चढली. मोजताना कुणी बोलायचं नाही, असा दंडक असल्यामुळे खोलीत चिडीचूप झालं. आधी नुसती मोजणी: सत्तेचाळीस. मग शालननं स्वतः वाकळ बाईंच्या मांडीवर पसरली, कडा नीट खोचल्या. वाकळ उबदार होती. तिला खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. दहा मिनिटं झाली. भिंतीवरचा आकडा सत्तेचाळीसवरून हलला नाही.

शालनचा चेहरा उजळला. वैजयंतीबाई टोपी काढू लागल्या, तेवढ्यात मगदूम उभे राहिले.

"माझी नम्र हरकत आहे. आकडा हलला नाही, मान्य. पण यांचा आकडा मुळात कशानं तरी हलतो का? काही माणसांचा आकडा कशानंच हलत नाही. बंद घड्याळाकडे बघून वेळ थांबलीय म्हणता येणार नाही. यांच्या स्वतःच्या माणसानं, स्वतःच्या वस्तूनं आकडा उतरलेला आधी दाखवा. मग ही चाचणी मी मानतो."

वैजयंतीबाईंना त्यांचा राग आला, पण हरकत बिनतोड होती. त्यांच्या जागी असत्या, तर त्यांनीही हीच घेतली असती.

"सोमवारी अकरा वाजता," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घरचं कुणीतरी किंवा काहीतरी घेऊन या."

बाहेर आल्यावर शालन हरखून म्हणाली, "ह्ये तर लई सोपं झालं की, बाई. घरातलं कोनबी आना."

"बघते," वैजयंतीबाई म्हणाल्या.

टाकाळ्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. शनिवारी सकाळी त्यांनी एक रिकामी पिशवी घेतली आणि घरात आपलं काय आहे ते शोधायला सुरुवात केली. सर्जेरावांचं उरलेलं आयुष्य आता या पिशवीत काय पडतं यावर लटकलं होतं. त्यांच्यापाशी घरात मोजायला काटा नव्हता. स्वतःच्या मनालाच विचारायचं होतं. एकेक वस्तू उचलून त्या थांबायच्या. नवऱ्याचं काही असण्याचा प्रश्न नव्हता. बावीस वर्षांपूर्वी दोघं न भांडता वेगळी झाली होती, आणि न भांडता वेगळं झालेल्या माणसाचं घरात काही उरत नाही. भांडली असती तर निदान एखादी फुटकी कपबशी राहिली असती. पुस्तकं होती, ती कायद्याची. भिंतीवर आईचा फोटो होता, तो त्यांनी उतरवून पिशवीत ठेवला.

आईच्या साड्यांची आठवण त्यांना स्वयंपाकघरात आली. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर महिन्याभरातच दारावर बोहारीण आली होती. वैजयंतीबाईंनी कपाट उघडून आईच्या अकरा साड्या तिच्यापुढे टाकल्या आणि बदल्यात स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. साड्या ठेवून करायच्या काय, हा त्यांचा रोखठोक हिशेब. बोहारीण नुसतं पातेलं देत होती. बाईंनी वकिली पणाला लावून झाकण वर मिळवलं. त्या दिवशी झाकण मिळालं म्हणून त्या खूश होत्या. आता ते पातेलं त्यांनी फळीवरून काढलं. त्यात कधी काही शिजलंच नव्हतं. एका माणसाला एवढं मोठं पातेलं लागतं कशाला? तळाला कंपनीचं लेबलसुद्धा तसंच होतं. त्यांनी ते छातीशी धरून पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी ते पिशवीत गेलं.

रविवारी दुपारी शालनचा फोन आला. "गावलं का काय, बाई?"

"बघतेय. भाऊ आहे पर्थला. त्याला फोनवर घेईन म्हणते."

"आनि हितं कोन?"

"इथं कुणी नाही."

शालन म्हणाली, "असं कसं, बाई? तुमी येवढ्या लोकांचं करता." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, नुसतं नवल होतं. म्हणून ते जास्त लागलं. फोन ठेवल्यावर वैजयंतीबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पुष्कळ दिवसांनी रडल्या. खुब्यातली सळई ठणकत होती. ती रोजच ठणकायची.

सोमवारी अकराला त्या पिशवी घेऊन खुर्चीत बसल्या. सर्जेराव आणि शालन पहिल्या बाकावर. मगदूम नव्या कोऱ्या कोटात आले होते. शेवटचा दिवस म्हणून घरच्यांनी घालायला लावला असावा. पाटोळ्यांनी टोपी चढवली. सत्तेचाळीस.

आधी आईचा फोटो हातात दिला. दहा मिनिटं गेली. सत्तेचाळीस. मग पातेलं. कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. सत्तेचाळीस. मग पर्थहून भाऊ पडद्यावर आला. "ताई, सगळं ठीक ना? फार वेळ नाही हं मला," असं म्हणत त्यानं नव्या गाडीचं सांगितलं, मुलीच्या दातांना बसवलेल्या तारांचं सांगितलं. भिंतीवरचा आकडा अठ्ठेचाळीस झाला.

"वाढला," पाटोळे हळूच म्हणाले.

भावाचा फोन बंद झाला. शालननं डोळ्यांना पदर लावला. दावा बुडाला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वैजयंतीबाईंना वाटलं, आपण जन्मभर दुसऱ्यांची दुखणी सिद्ध केली आणि आज आपल्यामुळे एकाचं खोटं ठरतंय. त्यांनी सर्जेरावांकडे पाहायचं टाळलं.

"टोपी राहू द्या थोडा वेळ," मुजावर मॅडम म्हणाल्या. "अजून काही आठवत असेल तर पाहा. मगदूमसाहेब, तोवर तुमचं म्हणणं मांडा."

मगदूम उठले. "माझी नम्र हरकत आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि खर्जातला तो आवाज नेहमीच्या संथ चालीनं खोलीभर फिरू लागला. शुक्रवारच्या चाचणीला आता अर्थ उरला नाही. नमुना म्हणून घेतलेल्या व्यक्तीचा आकडा कशालाच दाद देत नाही. कलम सव्वीस, त्याचं स्पष्टीकरण, त्यावरचे दोन जुने निवाडे. वैजयंतीबाई ऐकत होत्या. दुसरा निवाडा ते चुकीचा लावताहेत, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मनातल्या मनात त्यांनी उत्तर जुळवायला घेतलं. गेली एकोणीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

पाटोळे खाकरले. "मॅडम."

"बोला."

"आकडा उतरतोय."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. एक्केचाळीस. मगदूम बोलायचे थांबले. आकडा दोन मिनिटं तसाच राहिला आणि मग हळूहळू वर सरकू लागला. बेचाळीस. चव्वेचाळीस.

"इंगवलेबाई, कशाची आठवण आली?" मॅडमनी विचारलं.

"कशाचीच नाही. यांचा मुद्दा खोडत होते."

मॅडमनी आधी त्यांच्याकडे, मग मगदूमांकडे पाहिलं. "वकीलसाहेब, बोलत राहा."

"काय बोलू?"

"हरकत घ्या."

मगदूमांनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हरकत सुचत नव्हती. "माझी... नम्र हरकत आहे," ते म्हणाले, आणि मग बळेच कलम सव्वीस पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. चाळीस. अडतीस. पाटोळ्यांनी कागदावर वेळ टिपून घेतली. पस्तीस. पानाच्या शेवटाला आकडा एकतीसवर येऊन टेकला. वैजयंतीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. खुबा शांत झाला होता. किती वर्षांनी, ते त्यांना आठवेना. आणि ते भर कचेरीत सगळ्यांना भिंतीवर दिसत होतं, याची त्यांना भयंकर शरम वाटत होती.

मगदूमांनी पुस्तक मिटलं. वाटलं असतं तर ते अजून लढू शकले असते. आवाजाच्या लयीचा मुद्दा होता, योगायोगाचा होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"यांचा आकडा हलतो," ते म्हणाले. "माझी हरकत मागे घेतो."

मुजावर मॅडमनी जागच्या जागी आदेश दिला: पहिली मोजणी रद्द, वाकळ वेदनाशामक धरण्यात येते, दावेदारानं पुन्हा एकवीस दिवस एकलघरात राहावं, वाकळीशिवाय.

"वाकळ बी न्हाई?" सर्जेरावांनी विचारलं.

"नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग लई दुखंल की."

"तेच मोजायचंय."

सर्जेरावांनी शालनकडे पाहिलं. तिनं वाकळीची घडी पोटाशी धरली होती. "एकवीस दिवस मी हिच्याखाली झोपत न्हाई," ती म्हणाली. "तुमी बी बिगर वाकळीचं, मी बी." अर्ज जिंकला होता आणि दोघांपैकी कुणीही आनंदलेलं नव्हतं.

जिन्यात मगदूम कठड्याला धरून थांबले होते. बाईंना जिना उतरायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"इंगवलेबाई, एकोणीस वर्षांत तुम्ही मला एकदाही चहा पाजला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं पाजलात?"

"ते खरंच." त्यांनी नव्या कोटाचं बटण लावलं. "उद्या सकाळची गाडी आहे."

"मुलीकडं बरं वाटेल तुम्हाला."

"वाटेल. नातू आहेत. मराठी त्यांना येत नाही, पण आहेत." मग खाली फाटकाकडे बघत म्हणाले, "बरं झालं, मला कुणी त्या खुर्चीत बसवलं नाही."

वैजयंतीबाईंना चहाचं विचारायचं होतं. समोर रस्त्यापलीकडेच टपरी होती. पण एकोणीस वर्षं ज्याला फक्त 'हे चूक आहे' एवढंच सांगितलं, त्याला चहाला कसं बोलवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. रिक्षा आली आणि मगदूम गेले.

सर्जेरावांचा आकडा एकोणसत्तर आला. पेन्सिलीच्या आकड्याशी एकाचाच फरक, पण या वेळी बाईंना त्याचा माज चढला नाही. सर्जेराव एकलघराच्या फाटकातून बाहेर आले, तेव्हा गालफडं बसलेली आणि डोळे लाल. शालननं रिक्षात बसल्याबरोबर वाकळ त्यांच्या पायांवर पसरली, आणि मग स्वतःच्याही. निर्वाहवेतन मंजूर झालं. दोघांनी वैजयंतीबाईंना घरी जेवायला बोलावलं आणि त्या गेल्याही. मांडीला मांडी लावून शालननं आग्रह करकरून वाढलं. परतल्यावर फ्लॅटचं कुलूप उघडताना खुबा होता तसाच ठणकत होता.

नवीन दावे येत राहिले. विमा कंपनीनं मगदूमांच्या जागी एक तरुण वकीलबाई नेमली, हुशार होती. ती उभी राहून बोलत नसे. हरकती लेखी पाठवी.

तिसऱ्या महिन्यात वैजयंतीबाई नक्कल विभागाच्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि वर पाहिलं.

"हा तर तुमचाच अपघाताचा दावा. सतरा वर्षांपूर्वीचा."

"हो."

"निम्माच मंजूर झालेला. अपिलाची मुदत कधीच संपली, बाई."

"अपील नाही करायचं. फक्त उलटतपासणीचं ध्वनिमुद्रण हवंय. दोन्ही दिवसांचं."

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

वैजयंतीबाईंनी थोडा विचार केला. "लिहा, घरगुती वापरासाठी."

नक्कल आठवड्यानं मिळाली. रविवारी दुपारी त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि मुद्रण सुरू केलं. विमा कंपनीच्या वतीनं सत्तेचाळीस वर्षांचे मगदूम बोलत होते, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चाळीस वर्षांच्या वैजयंतीबाई. सकाळी उठताना दुखतं की झोपताना? जिना चढताना कुठला पाय आधी टाकता? पावसाळ्यात वाढतं का? कूस बदलताना जाग येते का, आली तर पुन्हा किती वेळानं झोप लागते? बाईंना खोटं पाडण्यासाठी ते हे सगळं विचारत होते. पण दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्यांनी विचारलं होतं. त्याआधी आणि त्यानंतर बाईंच्या दुखण्याबद्दल एवढं कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांच्या वकिलानं बजावून ठेवलं होतं, की हो-नाही एवढंच बोला, जास्त बोललात की अडकाल. त्यामुळे मुद्रणात मगदूमांच्या लांब प्रश्नांपुढे त्यांचं एवढंच ऐकू येत होतं. हो. नाही. हो.

वैजयंतीबाईंनी मुद्रण मागं नेलं, पहिल्या प्रश्नापर्यंत.

"हं, बाई," मगदूम म्हणाले, "नेमकं कुठं आणि कसं दुखतं, सावकाश सांगा."

त्यांनी बटण दाबून आवाज थांबवला, खुर्चीत नीट सावरून बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या.